निरवांगीचे कच्चे हुलगे

सुरैय्या मुलाणी आणि आम्ही भिंतीला भिंत लावून राहतो, त्याला आता बावीस वर्षं झाली. ती बारामतीतल्या एका हॉस्पिटलच्या रक्तपेढीत तंत्रज्ञ आहे. सकाळी पावणेनऊला तिची स्कूटी सुरू होते तेव्हा माझी शेवटची पोळी तव्यावर असते. तिचे मिस्टर इस्माईलभाई भिगवण रोडला ट्रॅक्टरच्या सुट्या भागांचं दुकान चालवतात. एकुलती मुलगी अस्मा लग्न होऊन सोलापूरला गेली.

माणसं लक्षात ठेवायची सुरैय्याची स्वतःची पद्धत आहे. मंडईत भाजी घेताना ती मला कोपराने ढोसते आणि म्हणते, "वहिनी, तो मेथीवाला बघा. ओ निगेटिव्ह." नाव विचारलं तर सांगता येत नाही. लग्नात, मयतीत, बँकेच्या रांगेत, सगळीकडे हेच. इस्माईलभाई चिडवतात, "आमचं ठरलं तेव्हा हिने माझा फोटो नाही बघितला, रिपोर्ट बघितला." त्यावर ती म्हणते, "रिपोर्ट फोटोपेक्षा बरा होता."

रक्तगट शाळेत मीही पाठ केले होते. पण ते म्हणजे नेमकं काय, हे मला कळलं तिच्या ओट्यापाशी, ती बिर्याणीचा कांदा तळत असताना. रक्तातल्या लाल पेशीच्या अंगावर साखरेच्या कणांच्या बारीक साखळ्या असतात. साखळीच्या टोकाला कोणती साखर बसली आहे, त्यावर गट ठरतो. एक जात असली तर ए, दुसरी असली तर बी, दोन्ही असल्या तर एबी, आणि टोक मोकळं असलं तर ओ. पॉझिटिव्ह-निगेटिव्ह हे प्रकरण वेगळं, त्याचा साखरेशी संबंध नाही. "ही चहातली साखर नव्हे," एवढं ती प्रत्येकाला बजावते, कारण आपल्या भागात साखर म्हटलं की समोरचा एकतर कारखान्याबद्दल बोलायला लागतो, नाहीतर आपल्याला शुगर नाही असं सांगतो.

दत्तोबांनीही तेच सांगितलं होतं.

दत्तोबा इंदापूर तालुक्यातल्या निरवांगीचे, वय एकाहत्तर. चार एकर ऊस आणि वर एक एकर माळ. त्या माळावर ते दरवर्षी हुलगे, म्हणजे कुळीथ, पेरायचे. मुलगा मानसिंग म्हणायचा, "आबा, पाइपलाइन हाय, तितं बी ऊस लावू." त्यावर आबांचं उत्तर ठरलेलं, "ऊस सगळ्यांचाच हाय. हुलगं कुणाचं हाय?" गेल्या जानेवारीत एका गुरुवारी ते हुलगे झोडून झाले होते, ताडपत्रीवर पसरले होते. आबांचा पाय त्यावर पडला. हुलगा दिसायला चपटा, पण वाळल्यावर कडक आणि गुळगुळीत. गोट्यांवरून घसरावं तसे ते घसरले आणि खुब्याचं हाड मोडलं.

त्यांना बारामतीला आणलं, सुरैय्याच्याच हॉस्पिटलमध्ये. हाडांचे डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन लवकरात लवकर व्हायला हवं. म्हाताऱ्या माणसाची छाती पडून राहिलं की कफाने भरते, मग हाड बाजूला राहतं आणि माणूस छातीने जातो. आबांना तंबाखूचा जुना नाद, छाती आधीच घरघरत होती. त्यात अंगात रक्त कमी, हिमोग्लोबिन आठ. एक पिशवी हातात आणि एक राखीव असल्याशिवाय भूल देणार नाही, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. सोमवार ही शेवटची मुदत.

आबांचा गट ए निगेटिव्ह. निगेटिव्ह मुळात दुर्मीळ, तरी रक्तपेढीत एक पिशवी होती आणि दुसरी पुण्याहून मागवली. शुक्रवारी सुरैय्याने दोन्ही आबांच्या रक्ताशी जुळवून पाहिल्या. दोन्हींच्या गुठळ्या झाल्या.

तिने आधी स्वतःवर संशय घेतला. नळीवरचं नाव चुकलं असेल, नमुना दुसऱ्याचा आला असेल. स्वतः वॉर्डात गेली. हा भाग मला तिने पुढे इतक्यांदा सांगितला आहे की मी तिथे होते असंच वाटतं.

"आबा, हात द्या."

"परत? सकाळीच न्हेलं की गं बाई बाटलीभर."

"चमचाभर नेलं. आबा, तुमचं रक्त आमच्या पिशव्यांशी भांडतंय."

"मला शुगर न्हाय बगा."

"शुगरचं नाही म्हणत मी. भांडतंय म्हणतेय."

उशाशी बसलेल्या विजयमालाकाकू, म्हणजे दत्तोबांच्या मालकीण, म्हणाल्या, "मग रक्त त्यांचंच हाय, बदललं न्हाय कुनी."

दुसऱ्या नमुन्यानेही तेच दाखवलं. मात्र ओ गटाच्या पेशींशी आबांचं रक्त शांत होतं. मग सुरैय्याला आठवला अविराज. हा हॉस्पिटलच्या ॲम्ब्युलन्सचा ड्रायव्हर, गट ए पॉझिटिव्ह. पण त्याचा ए जरा वेगळा आहे हे तिने मागे एकदा तपासून ठेवलं होतं. त्याच्या पेशींशी आबांचं रक्त भांडलं नाही. तेव्हा तिला उलगडा झाला, आणि तो तिने मानसिंगला उसाच्या भाषेत सांगितला.

"हे बघा, ए गटाची साखर बहुतेकांच्या पेशीवर दाट असते, लागण चांगली उगवलेल्या उसासारखी. त्याला आम्ही ए-वन म्हणतो. थोड्यांच्या पेशीवर तीच साखर, पण नांग्या पडलेल्या, मधे मधे उगवणच नसलेली. ते ए-टू. तुमचे वडील ए-टू."

"मंजी रक्त हलकं हाय का त्यांचं?"

"हलकं नाही, विरळ आहे. तसं जगायला काही अडत नाही. फक्त अशा एखाद्याचं शरीर दाट साखरवाल्याला परकं समजतं आणि त्याच्याविरुद्ध द्रव्य तयार करतं. ते बहुतेकांत थंडीतच जागं होतं, अंगाच्या उबेला झोपतं. आबांचं उबेलाही जागं आहे. म्हणून दाट रक्त द्यायचं नाही. ए-टू निगेटिव्ह पाहिजे, नाहीतर ओ निगेटिव्ह."

ओ निगेटिव्हची एकच पिशवी होती. ती बाळंतिणींच्या अडचणीला ठेवलेली. रक्तपेढीच्या डॉक्टरांनी सांगितलं, ती राखीव म्हणून धरू, पण हातातली पिशवी तुम्ही दुसरी शोधा. मानसिंग म्हणाला, आबांना पुण्याला हलवू. हाडांचे डॉक्टर म्हणाले, "त्या छातीने तीन तास रस्त्यावर? आणि पुण्यात नेलं तरी रक्त हेच असणार आहे."

तर प्रश्न एवढाच उरला होता: बारामती आणि इंदापूर तालुक्यांतल्या ए निगेटिव्ह लोकांत विरळ साखरवाला कोण, आणि तो सोमवारच्या आत सापडतो का.

हे ओळखायला एक औषध मिळतं, छोट्या बाटलीत. एक थेंब रक्त, एक थेंब औषध; ए-वन असेल तर दोन मिनिटांत गुठळ्या, ए-टू असेल तर काही नाही. सुरैय्याने फ्रिज उघडला. बाटलीची मुदत दोन महिन्यांपूर्वी संपली होती. असं रक्त वर्षातून एखादं येतं, त्यामुळे कुणाचं लक्ष गेलं नव्हतं, तिचंही नाही. पुण्याचा विक्रेता म्हणाला, बुधवारी पाठवतो.

आबांचंच रक्त वापरून एकेकाला तपासता आलं असतं. पण ती जुळवणी करावी लागते रक्तपेढीतच, गरम पाण्यात नळ्या ठेवून, यंत्रात फिरवून, अर्धा-पाऊण तास. आणि दोन तालुक्यांतली माणसं नुसत्या तपासणीला शनिवार-रविवारी बारामतीला कोण येणार? हंगाम चालू होता.

शनिवारी सकाळी आठला सुरैय्या माझ्या दारात उभी.

"वहिनी, हुलगे आहेत का घरात?"

"आहेत की. माडगं करतेस?"

"रक्त तपासतेय."

मला वाटलं, थट्टा करते आहे. तर तिने उभ्या उभ्या सांगितलं की ती बाटली मुळात हुलग्याचीच असते. हुलग्याच्या दाण्यात एक प्रथिन असतं. त्याला जणू एकापेक्षा जास्त हात असतात, आणि प्रत्येक हाताला बरोबर ए गटाचीच साखर धरता येते. दुसऱ्या साखरेला तो हात लागत नाही, बसतच नाही. एका हाताने एक पेशी धरली, दुसऱ्याने दुसरी, की पेशी एकमेकींना अडकत जातात आणि गुठळी होते. साखर विरळ असली तर पकड टिकत नाही. मिरजेला शिकत असताना तिच्या सरांनी बाजारातले हुलगे वाटून हे करून दाखवलं होतं.

"झाडाला कशाला लागतं गं माणसाच्या रक्ताचं?"

"माणसाचं काही पडलेलं नाही त्याला. सर म्हणायचे, दाणा खायला येणाऱ्या किड्यांसाठी असेल, नाहीतर मुळाशी राहणारे जिवाणू ओळखायला असेल. त्यांच्याही अंगावर साखरा असतात ना. पक्कं कुणाला माहीत नाही. आपली साखर योगायोगाने त्या हातात बसते. द्या लवकर."

मी डब्यातले वाटीभर हुलगे दिले. आपल्या डब्यातलं काही उपयोगी पडतंय याचा मला आनंदच झाला होता.

तिने ते मिठाच्या पाण्यात भिजवले. हे सलाइनचं मोजलेलं पाणी. वाटले, गाळले, यंत्रात फिरवून वरचं नितळ पाणी काढलं. पांढऱ्या टाइलवर स्वतःच्या बोटाचं रक्त घेतलं, कारण ती ए-वन आहे हे तिला पक्कं माहीत. त्यावर हुलग्याचं पाणी टाकलं आणि टाइल हलवत बसली. काही झालं नाही. पुन्हा केलं. दुपारी उरलेले दाणे पुन्हा भिजवून वाटले. तरी काही नाही.

साडेपाचला ती घरी आली, पण तिच्या दारात न जाता माझ्या पायरीवर बसली. वाटी परत द्यायला आणली होती, तळाशी आठ-दहा दाणे होते.

"विसरले असेन मी," ती म्हणाली. "अठ्ठावीस वर्षं झाली. काहीतरी पायरी गळतेय माझ्याकडून."

तिला मी एरवी असं बसलेलं पाहिलेलं नाही. ती हरली की चिडते. त्या दिवशी चिडलीही नाही. म्हणाली, आबांचा श्वास सकाळपेक्षा जड लागतोय, काकू पंख्याकडे बघत बसल्यात. मी चहा टाकायला उठले आणि हाताला चाळा म्हणून वाटीतला एक दाणा तोंडात टाकला. तो कुरकुरला. कच्चा हुलगा दाताखाली कुरकुरत नाही, दगडासारखा अडतो. आणि वास आला खमंग.

"सुरैय्या," मी म्हटलं, "हे भाजलेले आहेत."

"काय?"

"मी आणले की मंद आचेवर भाजूनच डब्यात भरते. किडा लागत नाही, आणि माडग्याला दळायला तयार असतात. सासूबाईंपासूनची रीत आहे आमच्याकडे."

तिने वाटीतला एक दाणा उचलून दाताखाली धरला. "कच्च्यासारखे दिसतात की हो!"

"मुळातच तपकिरी. दिसणार कसे?"

"वहिनी, मी तुमच्याकडे बी मागितलं, तुम्ही मला मढं दिलंत!"

एवढं म्हणून ती हसायला लागली, आणि मला तर रडू यायचं बाकी होतं. माझ्या तव्यामुळे अख्खा एक दिवस गेला होता आणि आबांकडे दिवस मोजून होते. तिनेच मग मला समजावलं. प्रथिनाचा तो हात म्हणजे त्याची घडी. आच लागली की घडी उलगडते, आणि शिजलेलं अंडं जसं परत पातळ होत नाही, तशी ती परत बसत नाही. दाणा दिसतो तोच, चव चांगली लागते, पण साखर ओळखण्यापुरता तो गेलेला. "म्हणून तर आपण शिजवून खातो आणि आपल्याला काही होत नाही," ती म्हणाली. "चूक तुमची नाही. मी विचारायला हवं होतं."

"बाजारातून आणू कच्चे?"

"थांबा," ती उठलीच. "नर्सच्या टेबलाखाली एक पिशवी आहे."

आपल्याकडे नवं पीक निघालं की ओळखीपाळखीत वानोळा देतात. विजयमालाकाकू नवऱ्याला स्ट्रेचरवर घालून आणताना सुद्धा डॉक्टरांसाठी नव्या हुलग्यांचा वानोळा घेऊन आल्या होत्या. डॉक्टर म्हणाले, ठेवा तिथे. नर्सबाई म्हणाल्या, आमच्याकडे कुणी खात नाही. पिशवी टेबलाखाली पडून होती.

रविवारी सकाळी सातला मी सुरैय्याबरोबर गेले. माझ्याच्याने घरी बसवेना. तिने आधी काकूंना गाठलं.

"काकू, हे हुलगे भाजलेत का?"

"न्हाय बया! खळ्यावरनं सरळ पिशवीत. ज्येच्यावरनं म्हातारा घसरला तेच हायती." मग जरा वरमून, "का, डॉक्टरांनी नावं ठिवली व्हय?"

"डॉक्टरांना राहू द्या. मी घेऊ का?"

"घ्या की. माडगं चांगलं हुतंय, वाईच लसूण जास्त घाला."

दहा वाजेपर्यंत नितळ पाणी तयार झालं. सुरैय्याने बोट टोचलं, थेंब टाकला, टाइल हलवली. मी खांद्यावरून बघत होते. आधी लाल थेंब लालच होता. मग त्यात बारीक रवा दिसला, दूध नासताना दिसतो तसा, आणि बघता बघता लाल कणांची गर्दी होऊन मधलं पाणी स्वच्छ झालं. तिने लगेच अविराजचं बोट पकडलं.

अविराजच्याही गुठळ्या झाल्या.

मी पिशवीत किती हुलगे उरलेत ते बघायला वळले. ती मात्र मान हलवत होती. "हे आठवतंय मला. पाणी फार कडक आहे. कडक असलं की विरळ साखर पण पकडतं. पातळ करत जायचं."

मग तिने ते दुप्पट पातळ केलं, चौपट केलं, आठपट केलं. प्रत्येक वेळी एक थेंब स्वतःचा, एक अविराजचा, एक ओ गटाचा. सोळापटीला अविराजचा थेंब तसाच राहिला आणि तिच्या थेंबात गुठळ्या झाल्या. खात्रीसाठी तिने तीनदा केलं. अविराजची चार बोटं टोचून झाली होती.

"मॅडम, हॉर्न वाजवायला एखादं बोट ठेवा."

"अंगठे आहेत ना दोन?"

शेवटी आबांचा थेंब. दोन मिनिटं, तीन मिनिटं. काही नाही. म्हणजे त्यांची साखर विरळच होती, आणि हुलग्याचं पाणी कामाला लागलं होतं.

रक्तपेढीचे डॉक्टर म्हणाले, "मॅडम, हे रिपोर्टवर लिहिता यायचं नाही."

"लिहिणार नाही, सर. याने फक्त माणूस शोधते. पिशवी आपल्या पद्धतीने जुळली तरच देऊ."

रक्तदात्यांच्या रजिस्टरमध्ये ए निगेटिव्ह सात जण होते. दोघे गावाला गेलेले, एकाने मागच्याच महिन्यात रक्त दिलेलं. उरले चार. सुरैय्याने थर्मासमध्ये बर्फ, त्यात हुलग्याच्या पाण्याची नळी, टाइल, सुया, कापूस असं सगळं जेवणाच्या पिशवीत भरलं आणि मला म्हणाली, "भाजलेल्या हुलग्यांची भरपाई म्हणून गाडी काढा."

आधी कऱ्हाटी. तिथल्या शिक्षिका अंगणात वाळवण घालत होत्या, ओल्या हातानेच बोट पुढे केलं. गुठळ्या. तिथून मागे फिरून कन्हेरी. दोघे भाऊ, दुधाचा धंदा. मोठ्याच्या गुठळ्या झाल्यावर धाकटा म्हणाला, "माझं वेगळं आसंल बगा, आमचं कशातच पटत न्हाय." त्याच्याही झाल्या. मोठा हसून म्हणाला, "हितं पटलं." मला हसू आलं नाही. पावणेदोन वाजले होते आणि एकच नाव राहिलं होतं, शंभूराज.

शंभूराज ऊस वाहणारा ट्रॅक्टर चालवायचा. फोनवर त्याने सांगितलं, मी कारखान्याच्या तळावर नंबरला उभा आहे, इथून हलता येणार नाही. "याआधी दोनदा बोलावलंत आन रक्त न घेता परत लावून दिलंत. मी नंबर सोडून यायचं आन जुळलं न्हाय तर?"

"तू हलू नको," सुरैय्या म्हणाली. "मीच येते."

इंदापूर तालुक्यातला तो कारखाना. बाहेर ट्रॉल्यांची रांग मैलभर, हवेत मळीचा वास. आम्ही एकेका ट्रॅक्टरला विचारत गेलो. तो सापडला चाकाच्या सावलीत भाकरी खाताना. पस्तिशीचा, धिप्पाड, डोळे तांबारलेले.

"हात धू," सुरैय्या म्हणाली.

"मॅडम, हितं रस्त्यावर रक्त काढता का काय?"

"एक थेंब. बॉनेटवर टाइल ठेवते, हलवू नको."

बाकीचे ड्रायव्हर गोळा झाले. कुणी म्हणालं, शंभ्याच्या रक्तात काय सापडतंय, डिझेल सापडंल. सुरैय्याने थेंब टाकला, शेजारी स्वतःचा टाकला, दोन्हीवर हुलग्याचं पाणी. टाइल हलवायला लागली. तिच्या थेंबात रवा धरला. त्याचा थेंब तसाच. मी मनगटावरच्या घड्याळात बघत होते. दोन मिनिटं. तीन. तसाच, लाल, सपाट.

"पुन्हा बोट दे," ती म्हणाली. दुसऱ्यांदाही तेच.

"काय झालं?" शंभूराजने विचारलं. "खराब हाय का?"

"नाही रे बाबा. तुझ्यासारख्याच रक्ताचा एक म्हातारा निरवांगीचा, बारामतीत पडलाय. तुझं रक्त त्याला चालेल असं दिसतंय. येतोस?"

त्याने पुढे बघितलं. ऊस ओततात त्या गव्हाणीपर्यंत अकरा ट्रॉल्या होत्या. हा नंबर त्याने आदल्या दुपारपासून धरला होता. त्याच्या मागचा ड्रायव्हर कंबरेवर हात ठेवून बघत होता, तो म्हणाला, "जा रं. तुजी ट्रॉली मी आत घालतो. किल्ली दे आन ती राह्यलेली भाकरी बी दे."

गाडीत बसल्यावर सुरैय्याने विचारलं, "रात्री झोपलास किती?"

"नंबरात कोन झोपतंय?"

"मग आधी जेव आणि चार तास झोप. जागरणावर मी रक्त घेत नाही."

मला तेव्हा तिचा रागच आला. इकडे एकेक तास जातोय आणि ही त्याला झोपवतेय. पण तिने खरंच रक्तपेढीच्या मागच्या खोलीत त्याला सतरंजी दिली, इस्माईलभाईंनी डबा आणला, आणि सात वाजता त्याचं हिमोग्लोबिन, दाब सगळं बघून मगच रक्त घेतलं. मग बाकीच्या तपासण्या. मग आबांच्या रक्ताशी जुळवणी, नेहमीची, गरम पाण्यातली, सगळ्या पायऱ्यांची. मी घरी येऊन बसले होते. साडेनऊला तिचा फोन आला.

"गुठळी नाही."

एवढं बोलून ठेवून दिला.

सोमवारी दहाला ऑपरेशन झालं. शंभूराजची पिशवी चढवली, राखीव ओ निगेटिव्ह लागली नाही, फ्रिजमध्ये परत गेली. तिसऱ्या दिवशी आबांना धरून उभं केलं. शंभूराज जाताना वॉर्डात डोकावला होता. आबांनी त्याला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि विचारलं, "तंबाखू खातूस का?" तो नाही म्हणाला. "मग मला खानं सोडावं लागंल," आबा म्हणाले, "तुझ्या रक्ताला सवय न्हाय." काकूंनी तेवढ्याच वाक्यावर शंभूराजच्या हातात हुलग्यांचा वानोळा ठेवला.

बुधवारी पुण्याहून बाटली आली. सुरैय्याने शंभूराजच्या उरलेल्या नमुन्यावर ती लावून बघितली. बाटलीचंही म्हणणं तेच होतं. मग तिने हुलग्याचं पाणी बेसिनमध्ये ओतून टाकलं आणि नळी धुऊन ठेवली. मी म्हटलं, थोडं ठेवायचं होतंस. ती म्हणाली, घरी केलेलं ते, आठवडाभराने त्याचं काय होईल सांगता येत नाही. आता बाटलीच्या मुदतीची तारीख ती मोठ्या अक्षरात फ्रिजच्या दारावर लिहिते.

मार्चमध्ये आबा तपासणीला आले, काठी घेऊन, स्वतःच्या पायाने. मानसिंग म्हणाला, "काय आबा, हुलग्यानं पाडलं आन हुलग्यानंच उठवलं." आबा म्हणाले, "हुलग्यानं न्हाय पाडलं. तू ताडपत्री वढलीस म्हनून पडलो." मानसिंग गप्प बसला, तेव्हा ते खरं असावं. यंदा त्या माळावर ऊस लावायचं कुणी काढलं नाही.

जाताना त्यांनी सुरैय्याकडे दोन पिशव्या दिल्या, एक तिला, एक मला. मी घरी आल्यावर सवयीने तवा ठेवला. मग तो उतरवला, मूठभर हुलगे काचेच्या बरणीत कच्चेच भरले, वर चिठ्ठी लावली, 'भाजू नये', आणि बाकीचे भाजले.

परवा ती बरणी उघडली तर दाण्यांना भोकं पडलेली आणि तळाशी पीठ. दोन-तीन किडे झाकणाला चिकटून चालत होते. मी बरणी तशीच भिंतीपलीकडे नेली आणि सुरैय्याला दाखवली, म्हटलं, बघ तुझं ऐकून काय झालं ते.

तिने बरणी उजेडात धरली, एक किडा बोटावर घेतला.

"किडा लागलाय म्हणजे जिवंत आहेत," ती म्हणाली. "चाळून ठेवा. लागतील."